दिवाळीच्या ऑर्डरी, सुनेचा फोन आणि गेलेले ५४ हजार

पत्र : नमस्कार. सांगलीत विश्रामबागला आमचा भडंग आणि दिवाळी फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. दसरा झाला की पाच-सहा बायका हाताखाली येतात. फोनवरच्या ऑर्डरी सून बघते, पुण्या-मुंबईला पार्सलं जातात. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी एकाचा फोन आला. मिलिटरीत अधिकारी आहे, जवानांसाठी फराळाचे दोनशे डबे हवेत म्हणाला. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आधी पाच रुपये पाठवायला लावले, त्याचे दहा परत आले. मग ॲडव्हान्स देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि आमच्याच खात्यातून तीनदा १८ हजार गेले. एवढी शिकलेली असून सून फसली. लाजेपोटी आम्ही कुठं बोललो नाही. यजमान म्हणतात यंदा ऑनलाइन बंदच. सून फोनला हात लावत नाही. त्यात आता आमच्याच नावाचं दुसरं इन्स्टाग्राम पेज निघालंय, तिथं पैसे भरून बसलेली पुण्याची एक बाई आमच्याशी भांडली. काय करावं? गेलेले पैसे मिळतील का?

उत्तर :

ताई, पैशांचं बोलूच, पण आधी सुनेचं.

'एवढी शिकलेली असून फसली' असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य वर्षभरात तिच्या कानावर किती वेळा पडलं असेल याचा मला अंदाज आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी काय चालू असतं ते आठवून बघा. एकीकडे चकलीचा घाणा, दुसरीकडे डबे भरणाऱ्या बायका विचारतायत शंकरपाळी किती घालू, कुरिअरवाला दारात, फोन सतत वाजतोय. त्या गडबडीत दोनशे डब्यांची ऑर्डर आली. तिला घरासाठी चांगलं काहीतरी करायचं होतं. समोरचा माणूस मात्र दिवसभर हेच एक काम करणारा होता, त्याने हे संभाषण शेकडो लोकांबरोबर घोटवलेलं होतं. याच प्रकारात बँकेतली माणसं फसतात, डॉक्टर फसतात, निवृत्त प्राध्यापक फसतात. शिक्षण इथं फारसं कामाला येत नाही, कारण घाईत माणूस विचार करून वागत नाही, सवयीने वागतो. सवय बदलायची तर ती तिच्या एकटीची बदलून चालणार नाही, घराची बदलावी लागेल. म्हणून हे उत्तर तिला, तुम्हाला आणि यजमानांना मिळून आहे. तिघांनी बसून वाचा.

त्या माणसाने काय केलं ते नीट समजून घ्या. पाच पाठवा, दहा परत देतो, म्हणजे खातं बरोबर असल्याचं आमच्या ऑफिसला कळेल, असं तो म्हणाला असणार. दहा रुपये खरेच आले. त्या दहा रुपयांत त्याने तिचा विश्वास विकत घेतला. मग क्यूआर पाठवला आणि सांगितलं की स्कॅन करा, रकमेच्या जागी १८ हजार टाका, पिन टाका, की जमा होतील. गेले. लगेच, 'मॅडम, एरर आला, परत एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील.' दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पैसे गेले ते पहिले सोडवायच्या धडपडीत. हे सगळं फोन चालू ठेवून करवून घेतात, कारण फोन ठेवला की माणूस शेजारच्याला विचारतो.

यूपीआयमध्ये पैसे यायला काहीच करावं लागत नाही. स्कॅन नाही, लिंक नाही, पिन नाही. पिन टाकला म्हणजे पैसे देण्याला तुम्ही सही केली. कोणी 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' म्हणालं, तर तो कोण आहे हे तपासत बसू नका, फोन ठेवा. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, कारण तिचा याच कामासाठी गैरवापर होत होता. पण व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्याकडून अशी मागणी अजूनही येऊ शकते, आणि क्यूआर तर आहेच. तेव्हा त्या नियमावर विसंबून राहू नका.

मिलिटरीचं नाव त्याने उगाच घेतलं नाही. आपल्या सांगली-साताऱ्यात फौजेत कोणी नाही असं गाव शोधावं लागेल. साताऱ्याचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. जवानाचं नाव निघालं की आपण पैशांचं कडक बोलत नाही, आणि चोराला हे ठाऊक आहे. यंदाही असा फोन येईल. ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्ड, वर्दीतला व्हॉट्सॲप डीपी, यातल्या कशालाही किंमत देऊ नका, हे फोटो चोरलेले किंवा बनवलेले असतात. तुमच्या ओळखीत निवृत्त सुभेदार-हवालदार असतीलच. 'मिलिटरीत अशी पद्धत असते का' म्हणून त्यांना एक फोन करा. विक्रेत्याने आधी पैसे पाठवायचे, मग त्याला पैसे मिळायचे, असा व्यवहार फौजेतच काय, कुठंच नसतो.

आता यजमानांचा प्रश्न, ऑनलाइन बंद करावं का? माझं मत स्पष्ट आहे, करू नका. तुम्ही फसलात ते ऑनलाइन विकण्यामुळे नाही. फोन आला, आणि फोन नंबर तुमच्या डब्यावरही छापलेला असेल. पेज बंद केलं तर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक जाईल आणि तो फोन तरीही येईल. त्यापेक्षा यजमानांना कामात घ्या, आणि ते असं. अमुक रकमेवरची कोणतीही ऑर्डर, समजा दहा हजारांवरची, त्याच फोनवर पक्की करायची नाही. सुनेने एकच वाक्य बोलायचं: 'मोठी ऑर्डर आमचे मामंजी बघतात, उद्या सकाळी कळवते.' खरं गिऱ्हाईक थांबतं. दोनशे डबे घेणाऱ्या माणसाला एका रात्रीने फरक पडत नाही. चोर मात्र कटकट करायला लागेल, 'गाडी निघालीय, साहेब रागावतील, आत्ताच करा.' ती कटकट सुरू झाली की ओळखायचं. सकाळी यजमानांनी स्वतः फोन करायचा, पत्ता विचारायचा, डबे नेमके कुठं पोचवायचे ते विचारायचं, आणि पैसे जमा झाल्यावरच भाजणी भिजवायला सांगायचं.

'जमा झाले' हे कशावरून ठरवायचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हंगामात सर्वांत जास्त गडबड इथंच होते. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. हिरवी टिकली, रक्कम, तुमचं नाव, टिंगटिंग आवाज, हे सगळं हुबेहूब दाखवणारी खोटी ॲप निघाली आहेत. 'तुमच्या खात्यात २५,००० जमा' असा एसएमएससुद्धा पुरावा नाही, तो साध्या दहा आकडी नंबरवरून कोणीही टाइप करून पाठवू शकतो. त्यानंतर येतो रडवेला फोन, 'ताई, एक शून्य जास्त पडलं हो, अडीच हजार पाठवायचे होते, बाकीचे परत करा, दवाखान्यात आहे.' दिवाळीच्या दिवसांत आपलं मन मऊ असतं. अशा वेळी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. नाहीच आले, तर विषय संपला. खरेच जास्त आले असतील, तरी तो सांगेल त्या नंबरवर परत पाठवू नका. 'तुमच्या बँकेत अर्ज करा, माझ्या बँकेकडून येईल' एवढंच सांगा, आणि तुम्हीही तुमच्या शाखेत कळवा. आलेले पैसे दुसऱ्या कोणाच्या चोरलेल्या खात्यातले असू शकतात, आणि मग तपासात तुमचंच खातं गोठवलं जातं. हंगामाच्या मधोमध खातं गोठलं तर बायकांची मजुरीही देता येणार नाही. त्याच कारणासाठी प्रत्येक ऑर्डरचं बिल ठेवा, अगदी अर्धा किलो भडंगाचंही. कधी चौकशी आलीच तर तो पैसा विक्रीचा आहे हे दाखवायला तेच कामाला येतं.

पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा साउंड बॉक्स घरी घेतलात तर बरं होईल, तळणाच्या आवाजातही ऐकू येतो आणि कोणाला फोन हातात घ्यावा लागत नाही. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काटा झाल्याशिवाय हलत नाही, तसं तुमच्याकडे खात्यात दिसल्याशिवाय डबा हलायचा नाही. हा नियम माहेरच्या माणसांनाही लावा, म्हणजे सुनेला कोणासमोर अवघडल्यासारखं होणार नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते दसऱ्याच्या आधी करा. ५४ हजार गेले त्याचं एक कारण असं, की ज्या खात्याला यूपीआय जोडलेलं होतं त्यात ५४ हजार होते. व्यवसायाचं खातं वेगळं काढा. त्यालाच यूपीआय जोडा, आणि रोज रात्री हिशेब झाला की जरुरीपुरते ठेवून बाकीचे पैसे अशा खात्यात हलवा ज्याला यूपीआयही नाही आणि ज्याचं एटीएम कार्ड कपाटात आहे. यूपीआयची रोजची मर्यादाही बँकेच्या किंवा पेमेंट ॲपमधून कमी करता येते का ते बघा. एवढं केलंत तर उद्या घरातलं कोणीही चुकलं तरी एका दिवसाच्या गल्ल्यापेक्षा जास्त जाणार नाही. सुनेला फोन पुन्हा हातात घ्यायला सांगताना हेच सांगा. ती घाबरते ते फोनला नाही, सगळं घर पुन्हा आपल्यामुळे बुडेल याला.

दुकानाच्या फोनमध्ये दोन-तीन गोष्टी बसवून घ्या. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. 'चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला, जरा सांगा ना' असा मेसेज ओळखीच्या नंबरवरून आला तरी कोड द्यायचा नाही. तो दिला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात जातं आणि तुमच्या साऱ्या गिऱ्हाइकांकडे तुमच्या नावाने पैशांची मागणी सुरू होते. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये आठवड्याला एकदा डोकावा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, दिवाळी भेट, बँकेचं केवायसी अशा नावाने येणाऱ्या ज्या फाइलच्या शेवटी 'एपीके' असतं, ती उघडायची नाही. ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं, ते तुमचे ओटीपीचे एसएमएस परस्पर वाचतं. आणि दुकानाचा फोन संध्याकाळी नातवाला खेळायला देऊ नका.

बँकेचा किंवा कुरिअरचा नंबर गूगलवर शोधून फोन लावायची सवय असेल तर तीही सोडा. पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा पावतीवर छापलेला नंबर वापरा. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात, तेवढं बघून घ्या. 'पत्ता अपुरा आहे, पार्सल अडकलंय, २५ रुपये भरा' असा पोस्टाच्या नावाचा मेसेज तुमच्या गिऱ्हाइकांनाही येईल. पार्सल पाठवताना पावतीचा फोटो आणि 'वाटेत कोणीही पैसे मागणार नाही' अशी एक ओळ त्यांना पाठवा. फूड लायसन्सच्या नूतनीकरणाचा फोन आला तर फोनवर काही भरू नका, ते काम 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवरच होतं. पुण्यात दिवाळी प्रदर्शनात स्टॉल देतो म्हणून कोणी बुकिंगचे पैसे मागितले, तर आधी त्या हॉलच्या मालकाला फोन करून तारीख खरी आहे का विचारा.

नकली पेजकडे येऊ. आधी त्याचे स्क्रीनशॉट काढा, त्यात पेजचं नेमकं नाव, पत्ता आणि त्यांनी दिलेला यूपीआय आयडी दिसला पाहिजे. मग इन्स्टाग्रामवर 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' या कारणाने रिपोर्ट करा, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही करायला सांगा. कॉम्प्युटर किंवा फोनच्या साह्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तेव्हा पोलिसांकडेही तक्रार द्या. तुमच्या खऱ्या पेजवर आणि प्रत्येक डब्यावर एक ओळ छापा: 'आमचा एकच क्यूआर आहे, स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल, दुसरं नाव दिसलं तर पैसे भरू नका.' याला अर्थ आहे, कारण ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपना पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं, कोणी मनाने ठेवलेलं नाव चालत नाही. नकली पेजवाला तुमचा लोगो चोरू शकतो, बँकेतलं तुमचं नाव त्याला चोरता येत नाही. दारावर लावलेला क्यूआरही रोज सकाळी स्वतः स्कॅन करून बघा, त्यावर दुसऱ्याचा कागद चिकटवून जाणारेही असतात.

पुण्याच्या त्या बाईंवर रागावू नका. तिचे पैसे भरून देण्याची जबाबदारी तुमची नाही, पण ती तुमच्या नावावर भरवसा ठेवून फसली. तिला फोन करून काय झालं ते सांगा आणि तक्रार कशी करायची ते समजावा. सोबत फराळाचा एक डबा पाठवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पाठवला असता.

तक्रार करायची ती १९३० या नंबरवर. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बँक बंद असली तरी यावर तक्रार घेतात. तो का महत्त्वाचा, ते ऐका. चोराच्या खात्यात गेलेला पैसा काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फिरवला जातो आणि कुठंतरी एटीएममधून काढला जातो. १९३० वर तक्रार नोंदली की ती ज्या बँकांच्या खात्यांतून पैसा फिरला त्यांच्याकडे जाते आणि जिथं पैसा अजून शिल्लक असेल तिथं तो रोखला जातो. म्हणून पहिला तास मोलाचा. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. त्याच वेळी बँकेच्या हेल्पलाइनला सांगून यूपीआय बंद करून घ्या. हे दोन नंबर सुनेच्या फोनमध्ये नकोत, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी फोनच हातात नसेल असंही होऊ शकतं.

गेल्या वर्षीच्या ५४ हजारांचं खरं सांगते. मिळण्याची शक्यता कमी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बँकेच्या किंवा तिसऱ्या कोणाच्या चुकीने, ग्राहकाचा दोष नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तसेच नियम सहकारी बँकांनाही लागू झाले. पण तुमच्याकडे पिन सुनेने स्वतः टाकला होता, आणि अशा वेळी कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा धरला जातो. तरीही तक्रार करा, या आठवड्यातच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे लेखी. त्या दिवसाचा बँकेचा उतारा, तिन्ही व्यवहारांचे नंबर, त्याचा फोन नंबर आणि व्हॉट्सॲपचं सगळं संभाषण जोडा, ते पुसलं नसेल तर. ज्या खात्यात तुमचे पैसे गेले त्याच खात्यावर आणखी कोणाची तक्रार असेल, त्यातली काही रक्कम रोखलेलीही असेल, आणि ती परत मागण्याचा रस्ता तक्रार असेल तरच उघडतो. तक्रारीचा नंबर मिळाला की जपून ठेवा. पोलीस ठाण्यात जाताना सुनेला एकटीला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. तिथं 'आम्ही फसलो' असं म्हणा.

आणि तक्रार दिल्यावर एक फोन येण्याची शक्यता आहे. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार फी भरा' किंवा 'आम्ही वकील आहोत, वसूल करून देतो.' एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. पैसे परत देण्यासाठी पोलीस, न्यायालय किंवा बँक फोनवर फी मागत नाही. असा फोन आला तर काही न बोलता ठेवा, नंबर लिहून घ्या आणि त्याच तक्रारीत जोडा.